कमाल ८ टीबीच्या सर्व्हरमध्ये ३२ टीबी

माझ्या घरच्या सर्व्हरच्या माहितीपत्रकात ‘कमाल साठवण क्षमता : ८ टीबी’ असं छापलंय. चार कप्पे, दर कप्प्यात २ टीबी, हिशेब सरळ. सध्या त्याच खोक्यात ८ टीबीच्या चार डिस्क फिरतायत आणि छापलेल्या त्या मर्यादेशी माझी गाठ एकदाही पडली नाही. गाठ पडली ती भलत्याच मर्यादांशी, ज्यांचा त्या पत्रकात उल्लेखच नाही. असे चार कप्प्यांचे जुने सर्व्हर अजून पुष्कळांकडे चालू आहेत आणि ‘यात मोठी डिस्क चालेल का?’ या प्रश्नाला नुसतं ‘चालेल’ म्हणून भागत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी त्या छापील आकड्याकडे बघू. हा सर्व्हर बाजारात आला तेव्हा मिळणारी सगळ्यात मोठी डिस्क २ टीबीची होती. उत्पादकाने ती लावून बघितली, चालली, चाराने गुणलं आणि छापलं. त्याहून मोठी डिस्क अस्तित्वातच नसताना तो तपासणार तरी काय? त्यामुळे माहितीपत्रकातला ‘कमाल’ आकडा मी त्या यंत्राची जन्मतारीख म्हणून वाचतो. तो आकडा खोटा नाही, पण यंत्राची ताकद सांगण्यासाठी तो लिहिलेलाच नाही.

फक्त २ टीबीच्या बाबतीत एक योगायोग आहे आणि त्यामुळेच गोंधळ होतो. २ टीबीच्या डिस्कवर प्रत्येकी ५१२ बाइटचे ३,९०,७०,२९,१६८ सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे तुकडे, असतात. ३२ बिटांत मोजता येतात ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे ती डिस्क त्या कुंपणाच्या जेमतेम आत बसते आणि ३ टीबीची थेट बाहेर जाते. ५१२ ने गुणलं की हे कुंपण २.१९९ टीबीवर येतं. १०२४ च्या पटीत मोजणाऱ्यांच्या भाषेत बरोबर २ टेबीबाइट. डिस्कचे भाग कुठे सुरू होतात याची नोंद म्हणजे पार्टिशन टेबल; त्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीची मर्यादा हीच. २०१० मध्ये वेस्टर्न डिजिटलने ३ टीबीची अंतर्गत डिस्क आणली तेव्हा खोक्यात सोबत एक कंट्रोलर कार्डही दिलं होतं, कारण त्या काळातल्या कितीतरी संगणकांना एवढा आकडा झेपेल याची खात्री नव्हती.

डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या खुद्द साटा जोडणीला मात्र यात काही अडचण नाही. त्याआधीची २८ बिटांची मर्यादा, म्हणजे १३७ जीबीची, एटीए-६ या डिस्कजोडणीच्या मानकात ४८ बिटांचे पत्ते आले तेव्हाच संपली. ४८ बिटांत १४४ पेटाबाइट मावतात. म्हणजे डिस्क आणि कंट्रोलर एकमेकांशी बोलताना नीट बोलतात. घोळ करतात ते मधले आणि वरचे, जे सेक्टर अजून ३२ बिटांतच मोजतात. त्यातले नेमके कोण आपल्या वाटेत येतात हे शोधणं, एवढंच खरं काम होतं.

जुनी मांडणी अशी होती : २ टीबीच्या चार डिस्क, लिनक्सच्या एमडीएडीएम या साधनाने बांधलेला रेड-५ (अनेक डिस्कचा एकत्र साठा, म्हणजे ॲरे, ज्यात एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो), त्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली ठेवण्याची मांडणी. वापरायला मिळत होते ६ टीबी आणि ते भरत आले होते. एकेक डिस्क काढून तिच्या जागी मोठी लावायची, ॲरे पुन्हा बांधला जाऊ द्यायचा, मग पुढची, आणि शेवटी ॲरे ताणून मोठा करायचा, असा एक रूढ मार्ग आहे. तो मी घेतला नाही. एक तर प्रत्येक अदलाबदलीच्या वेळी ॲरे एका पायावर उभा असतो आणि उरलेल्या म्हाताऱ्या डिस्क शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. असं एकदा नाही, चारदा. शिवाय जुन्या ॲरेची माहिती ०.९० या जुन्या स्वरूपात लिहिलेली होती. त्या स्वरूपात एका घटक डिस्कला २ टीबीची मर्यादा आहे, लिनक्स ३.१ पासून ती ४ टीबी झाली, पण ८ टीबी त्यात मावतच नाही. म्हणजे चारही डिस्क बदलून, रात्री जागून, शेवटी ताणायची वेळ आली की गाडी अडणार.

म्हणून ठरवलं ते असं. पहिल्या नव्या डिस्कवर जुना सगळा डेटा उतरवायचा. मग जुन्या चारही डिस्क जशाच्या तशा काढून, क्रमांक लिहून, कपाटात ठेवायच्या. त्या आपोआपच दुसरा बॅकअप. उरलेल्या तीन नव्या डिस्कचा तीन जणांचा रेड-५ बांधायचा, डेटा परत आणायचा, तपासायचा आणि पहिली डिस्क चौथा सदस्य म्हणून आत घ्यायची. यात कुठल्याही क्षणी डेटाच्या किमान दोन प्रती असतात. पाच जागा लागतात. चार कप्पे आणि वर ऑप्टिकल ड्राइव्हसाठी दिलेला पाचवा साटा पोर्ट.

नव्या डिस्क घेताना क्षमतेइतकंच दुसरं एक बघावं लागतं. त्या एसएमआर आहेत का? एकमेकांवर चढवलेल्या ट्रॅकच्या या डिस्क वाचायला ठीक असतात, पण सलग फार वेळ लिहायला लागलं की आतली राखीव जागा संपते आणि वेग कोसळतो. रेड पुन्हा बांधणं म्हणजे नेमकं तेच, तासन्‌तास लिहिणं. ट्रॅक एकमेकांवर न चढवणाऱ्या, सीएमआर असं स्पष्ट लिहिलेल्याच डिस्क घेतल्या. आणि सेक्टर ५१२ई प्रकारचे, म्हणजे आत ४०९६ बाइटचे पण बाहेर ५१२ सांगणारे. शुद्ध ४०९६ वाल्या डिस्कही मिळतात, पण इतक्या जुन्या बायोससमोर (यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमसमोर) त्या ठेवण्याचं धाडस कशाला?

पहिली डिस्क कप्प्यात सरकवून सर्व्हर चालू केला. बायोसच्या पडद्यावर तिची क्षमता दिसली २१९९ जीबी. हा आकडा बघून बरेच जण डिस्क परत करायला निघतात. मला उलट हायसं वाटलं. बायोसला पुढे मोजता येत नाही आणि तो कुंपणापाशी येऊन थांबलाय, एवढाच याचा अर्थ. लिनक्स डिस्कची क्षमता बायोसला विचारत नाही. तो स्वतः डिस्कला तिची ओळख विचारतो आणि ४८ बिटांचा आकडा घेतो. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत ओळ आली : १५,६२,८०,५३,१६८ सेक्टर, ८.०० टीबी. संपलं. बायोसचा संबंध येतो फक्त त्या डिस्कवरून यंत्र सुरू करायचं असेल तर. माझी कार्यप्रणाली एका छोट्या एसएसडीवर आहे, मोठ्या डिस्क निव्वळ साठ्यासाठी, त्यामुळे बायोसला काय वाटतं याची फिकीर नव्हती. ज्यांचा सर्व्हर साठ्याच्याच डिस्कवरून सुरू होतो त्यांनी आधी ते वेगळं करावं. पुढचं सगळं सोपं होतं.

बायोसमध्ये साटाचा प्रकार ‘रेड’ असेल तर तो ‘एएचसीआय’ (डिस्क थेट कार्यप्रणालीच्या हाती देणारी पद्धत) करावा, हे मात्र आवर्जून. मदरबोर्डवरचा तो तथाकथित रेड म्हणजे बायोसमधला एक छोटा प्रोग्रॅम असतो आणि तो आपला हिशेब स्वतः करतो. एमडीएडीएम वापरणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

खरी गंमत यूएसबीत निघाली. जुन्या डिस्क तपासायला मी एक डॉक वापरतो, उभी डिस्क खोचायची, केबल लावायची. नवी डिस्क त्यात लावली तर लिनक्स म्हणतो २,७४,३१,५१,२८० सेक्टर, १.४० टीबी. हा कुठला आकडा? २.१९९ वर थांबला असता तर समजलं असतं. कागदावर वजाबाकी मांडली : १५,६२,८०,५३,१६८ मधून ४,२९,४९,६७,२९६ तीनदा वजा करा. उरतात बरोबर २,७४,३१,५१,२८०. म्हणजे डॉकमधली चिप ३२ बिटांच्या वरचे बिट सरळ कापून टाकते आणि उरलेला आकडा निर्धास्त सांगते. ३ टीबीची डिस्क जुन्या यंत्रात ७४६ जीबी दिसते ती याच वजाबाकीमुळे, फक्त तिथे एकदाच करावी लागते आणि उत्तर १०२४ च्या पटीत मोजलेलं असतं. आपल्या डिस्कसमोर विचित्र आकडा दिसला की ही वजाबाकी करून बघा. जुळली तर डिस्क ठणठणीत आहे आणि मधला कुणीतरी बिट कापतोय.

हे का होतं तेही सांगतो. यूएसबी डॉक संगणकाशी स्कझी नावाच्या आज्ञासंचात बोलतो. क्षमता विचारण्याची जुनी आज्ञा उत्तरात ३२ बिटच देते. नवी आज्ञा ६४ बिटांची आहे, पण जुन्या चिपला ती येतच नाही. नियमाप्रमाणे जुन्या आज्ञेला उत्तर देताना ‘माझ्याकडे याहून जास्त आहे, नव्या आज्ञेने विचार’ अशी खूण म्हणून ३२ बिटांतली सगळ्यात मोठी संख्या द्यायची असते. ही चिप ती खूण न देता कापलेला आकडा देते, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

थांबणाऱ्या मर्यादेत फक्त जागा वाया जाते. कापणाऱ्या मर्यादेत डेटा जाऊ शकतो. समजा एखादा मधला दुवा क्षमता बरोबर सांगतो, पण लिहिताना पत्त्याचे वरचे बिट टाकून देतो. मग २ टेबीबाइटच्या पुढचं पहिलं अक्षर जाऊन पडतं डिस्कच्या अगदी सुरुवातीला, जिथे पार्टिशन टेबल आणि फाइल सिस्टिमची मुळं असतात. डिस्क अर्धी रिकामी असेपर्यंत सगळं छान चालतं. एके दिवशी कुंपण ओलांडलं जातं आणि सगळंच नाहीसं होतं. म्हणून कर्नलने सांगितलेल्या आकड्यावर मी विसंबलो नाही. प्रत्येक डिस्क, ज्या पोर्टवर ती राहणार त्याच पोर्टवर, कुंपणापलीकडे लिहून तपासली.

रीत साधी आहे, फक्त डिस्क रिकामी हवी. एक मेबीबाइटची एक फाइल यादृच्छिक आकड्यांनी भरायची, तशीच दुसरी. पहिली फाइल लिनक्सच्या डीडी या आज्ञेने डिस्कच्या अगदी सुरुवातीला लिहायची. दुसरी लिहायची बरोबर २ टेबीबाइटवर. एक मेबीबाइटचा ब्लॉक धरला तर तिथे पोचायला २०,९७,१५२ ब्लॉक ओलांडावे लागतात. मग सुरुवातीचा मेबीबाइट परत वाचून पहिल्या फाइलशी ताडून बघायचा. तो बदलला असेल तर पत्ता कापला जातोय. लिहिताना आणि वाचताना दोन्ही वेळा डीडीला ‘डायरेक्ट’ हा पर्याय द्यायलाच हवा. नाही तर लिनक्स आपल्याला मेमरीतली प्रत दाखवतो आणि डिस्कवर काय पडलंय ते कळतच नाही. ८ टीबीच्या डिस्कवर हीच तपासणी ४ आणि ६ टेबीबाइटवरही करून घेतली. मिनिटभराचं काम आहे आणि माझ्या मते ते कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त विश्वासार्ह आहे. चारही कप्पे स्वच्छ निघाले. पाचव्या पोर्टवर तपासणीची वेळच येईना, कारण तिथे डिस्क फिरतच नव्हती.

कप्प्यात घरघर करत फिरणारी डिस्क वरच्या जागेत लावली की मेल्यासारखी गप्प. केबल बदलली, दुसरी नवी डिस्क लावली, तेच. जुनी २ टीबीची लावली तर ती फिरते. सर्व्हर सांभाळणं हाच ज्याचा धंदा आहे अशा मित्राला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. “डिस्क मेलेली नाहीये रे. वीज कशातून देतोयस? केशरी वायर आहे का त्यात?”

“आहे.”

“मग तिसरी पिन झाक आणि परत लाव.”

साटाच्या वीजजोडणीत पंधरा पिना असतात. पहिल्या तीन मुळात ३.३ व्होल्टच्या, पण डिस्क ते व्होल्टेज फारसं वापरत नसत. २०१६ च्या साटा ३.३ मानकाने तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं : तिच्यावर व्होल्टेज आलं की डिस्कने बंद राहायचं. डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क दुरूनच बंद करून पुन्हा चालू करता यावी म्हणून केलेली ही सोय. त्या वर्गातल्या अनेक डिस्कमध्ये ती असते आणि जुन्या पॉवर सप्लायला हे काहीच माहीत नसतं. तो केशरी वायरीतून इमानेइतबारे ३.३ व्होल्ट देत राहतो आणि डिस्क ते ‘बंद राहा’ असं समजते. माझ्या सर्व्हरच्या चार कप्प्यांना वीज मिळते ती जुन्या चार पिनांच्या मोलेक्समधून. त्यात ५ आणि १२ व्होल्टच असतात, म्हणून तिथे डिस्क फिरत होती. पाचव्या जागेची तार थेट पॉवर सप्लायच्या साटा प्लगची.

कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी कापली. ही पिवळसर पारदर्शक टेप उष्णतेने सुटत नाही. साधी चिकटपट्टी तापून घसरते आणि डिंक पिनांवर पसरतो, ती वापरू नये. डिस्कच्या वीजजोडणीत तिसरी पिन एकटी झाकणं माझ्या बोटांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून पहिल्या तिन्ही झाकल्या. पहिल्या दोन या डिस्कला लागतच नाहीत. पट्टी चिमट्याने बसवली, टोक आतल्या कडेवरून वळवलं, म्हणजे प्लग सरकवताना ती गोळा होत नाही. लावलं आणि डिस्क फिरायला लागली. मोलेक्सवरून साटा करणारा जोड वापरूनही हेच साधतं, पण त्यातले प्लास्टिक ओतून बंद केलेले स्वस्त जोड आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. घ्यायचाच तर वायरी दाबून बसवलेला, उघडून बघता येणारा घ्यावा.

पाचव्या पोर्टवर आणखी एक किरकोळ गोष्ट. बायोसने तो पोर्ट जुन्या आयडीई पद्धतीत ठेवलेला आहे आणि बदलायची सोय नाही. वेग थोडा कमी, पण ४८ बिटांचे पत्ते तिथेही चालतात. कुंपणापलीकडची तपासणी तिथेही स्वच्छ.

मग यांत्रिक बाजू, जी कुणीच आधी सांगत नाही. ३.५ इंची डिस्कच्या दोन्ही अंगांना तीन-तीन भोकं असतात असं आपण धरून चालतो. मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्कमध्ये मधलं भोक नसतंच. आत जास्त तबकड्या बसवायच्या तर त्या जागी धातू उरत नाही. माझ्या सर्व्हरचे ट्रे पुढच्या आणि मधल्या भोकावर बेतलेले. स्क्रू फिरवतोय आणि तो लागतच नाही, अशी अवस्था. पुढच्या भोकापासून मागचं भोक १०१.६ मिलिमीटरवर असतं, हे प्रमाण ठरलेलं आहे. ट्रे पत्र्याचे आहेत, तेव्हा तेवढं अंतर मोजून मागे नवी भोकं पाडली, कडा कानशीने घासल्या. धातूचा कीस ट्रेमध्ये राहू देऊ नये हे वेगळं सांगायला नको. एका स्क्रूवर डिस्क लटकवून ठेवणारे पाहिलेत मी; फिरणाऱ्या डिस्कला थरथर सोसत नाही आणि चार डिस्क एकमेकींना थरथरवतात.

विजेचा हिशेबही करून घेतला. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना काही सेकंद १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, म्हणजे पंचवीसेक वॉट. चार डिस्क एकदम उठल्या की शंभर वॉट, आणि असल्या छोट्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय दीडशेच्या आसपास. क्षमतेशी याचा फारसा संबंध नाही, २ टीबीची डिस्कही जवळपास तेवढंच ओढते. आधी चालत होतं, आताही चालतं.

डेटा उतरवताना यूएसबीचा दुसरा धडा मिळाला, सुदैवाने तो आधीपासून ठाऊक होता. माझ्याकडे एक नवा बाहेरचा डबा आहे. त्यात तीच डिस्क लावली की दिसतात १,९५,३५,०६,६४६ सेक्टर, प्रत्येकी ४०९६ बाइटचे. गुणाकार बरोबर, ८ टीबीच. डब्याच्या चिपने आठ-आठ सेक्टरांचा एकेक गठ्ठा करून दाखवला. हे मुद्दाम केलेलं असतं : सेक्टर मोठा सांगितला की ३२ बिटांतही १६ टेबीबाइट मावतात आणि जुन्या कार्यप्रणालीतही एमबीआर पार्टिशन चालून जातं. पण त्या डब्यात केलेलं पार्टिशन टेबल, नव्या जीपीटी पद्धतीचं असलं तरी, डब्याबाहेर वाचता येत नाही. जीपीटीचं शीर्षक असतं दुसऱ्या सेक्टरमध्ये. डब्यात ते ४०९६ व्या बाइटवर लिहिलं जातं आणि सर्व्हर ते शोधतो ५१२ व्या बाइटवर. तिथे काहीच नाही, म्हणून ‘डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करू का?’ असं विचारलं जातं आणि पुष्कळ लोक ‘हो’ म्हणतात. डेटा तिथेच असतो. लिनक्सच्या लॉसेटअप या साधनाला सेक्टरचा आकार ४०९६ सांगितला की तो जसाच्या तसा उघडतो. मी ही भानगड टाळायला डेटाची डिस्क डब्यात घातलीच नाही, थेट पाचव्या पोर्टवरच भरली.

मग जुन्या चार डिस्क कपाटात गेल्या, तीन नव्या आत आल्या आणि ॲरे बांधला, या वेळी १.२ स्वरूपात. प्रत्येक डिस्कवर जीपीटी, एकच पार्टिशन, शेवटी शंभर मेबीबाइट मोकळे. उद्या दुसऱ्या कंपनीची डिस्क घ्यावी लागली आणि ती काही सेक्टरांनी लहान निघाली तर पंचाईत नको.

आणि इथे ती जागा आली जिच्यासाठी मी आधीपासून दबा धरून बसलो होतो. ३२ बिटांचा तोच आकडा फाइल सिस्टिममध्ये परत भेटतो, फक्त तिथे सेक्टरऐवजी ४०९६ बाइटचे ब्लॉक मोजले जातात. ४,२९,४९,६७,२९६ गुणिले ४०९६, म्हणजे १६ टेबीबाइट. तीन डिस्कचा माझा ॲरे १४.५५ टेबीबाइटचा. कुंपणाच्या आत! ईएक्सटी४ त्यावर विनातक्रार तयार होतो. चौथी डिस्क आली की ॲरे होणार २१.८३ टेबीबाइटचा, आणि फाइल सिस्टिम ताणायला गेलं की ते काम करणारा रिसाइझटूएफएस सांगतो की नवा आकार ३२ बिटांत मांडता येत नाही. तोवर डेटा आत येऊन बसलेला. ईएक्सटी४ ला ‘६४बिट’ नावाचं एक वैशिष्ट्य आहे, ते सुरू असलं तर ही मर्यादा राहत नाही. ईएक्सटी४च्या साधनांच्या २०१६ च्या १.४३ आवृत्तीपासून ते आपोआप सुरू असतं. त्याआधीची साधनं लहान फाइल सिस्टिमवर ते ठेवत नसत. माझ्या सर्व्हरवरची साधनं जुनीच होती, म्हणून फॉरमॅट करताना ते नाव स्पष्ट लिहून दिलं आणि लगेच डम्पईटूएफएसने वैशिष्ट्यांच्या यादीत ते खरंच आहे का ते बघितलं. ज्यांची फाइल सिस्टिम आधीच तयार आहे त्यांना नव्या रिसाइझटूएफएसमध्ये ती ६४ बिटांत बदलून घेता येते, पण ती उतरवून ठेवावी लागते आणि बॅकअपशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

कार्यप्रणालीचंही तेच. सर्व्हरचा प्रोसेसर ६४ बिटांचा, पण त्यावर पूर्वीपासून ३२ बिटांचं लिनक्स चालत होतं. मेमरी कमी होती तेव्हा तेच बरं वाटे. ३२ बिटांचा कर्नल ४०९६ बाइटची पानं ३२ बिटांत मोजतो, म्हणून एका डिस्कला किंवा ॲरेला पुन्हा १६ टेबीबाइटचीच मर्यादा. तेव्हा एसएसडीवर ६४ बिटांची ताजी प्रणाली टाकली. घरगुती साठ्याची जी तयार यंत्रं मिळतात, त्यातल्या जुन्या ३२ बिटी प्रोसेसरवाल्यांत एक व्हॉल्यूम १६ टीबीच्या वर जात नाही, त्यामागे हेच कारण. तिथे मात्र उपाय नाही. दोन व्हॉल्यूम करायचे आणि गप्प बसायचं.

रेड-६ केला असता तर हे १६ टेबीबाइटचं कुंपण मला दिसलंच नसतं. चार डिस्कच्या रेड-६ मध्ये दोन डिस्कची जागा जाते आणि १४.५५ वरच थांबतं. मोठ्या डिस्कसाठी रेड-५ वापरू नये असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांचा हिशेब असा : माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या सेक्टरचं प्रमाण दहाच्या चौदाव्या घाताइतक्या बिटांमागे एक, म्हणजे साडेबारा टीबीमागे एक असं दिलेलं असतं, एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींचे २४ टीबी वाचताना एक तरी चूक येणारच. हा हिशेब मला पटत नाही. तो आकडा ‘याहून जास्त नाही’ अशा हमीचा असतो, सरासरीचा नसतो, आणि दर महिन्याला ॲरे पूर्ण वाचून तपासला तर असे सेक्टर वेळेत सापडतात. पण ज्यांच्याकडे वेगळा बॅकअप नाही त्यांनी रेड-६ च करावा. खरं तर त्यांनी आधी बॅकअप करावा.

चौथी डिस्क आत घेणं हा सगळ्यात संथ भाग. ८ टीबीची डिस्क एकदा टोकापासून टोकापर्यंत वाचायची म्हटली तरी सेकंदाला १८० एमबी धरून बारा तासांच्या वर जातात. तीनाचा ॲरे चाराचा करताना तर डेटाचा प्रत्येक पट्टा उचलून नव्या रचनेत ठेवावा लागतो, वाचणं आणि लिहिणं त्याच डिस्कवर, त्यामुळे वेग कितीतरी खाली येतो. पट्ट्यांसाठीची मेमरी वाढवल्यावर थोडा फरक पडला. ते काम चालू असताना ॲरे वापरता येतो, घरच्यांना काही जाणवलं नाही. संपल्यावर फाइल सिस्टिम ताणली. काही मिनिटांत झाली. त्यानंतरच जुन्या प्रतीशी सगळ्या फाइलींचे चेकसम (पडताळणीचे आकडे) ताडले, जुळले.

नव्या डिस्क ॲरेत घालण्याआधी मी बॅडब्लॉक्स या डिस्क तपासणाऱ्या साधनाने प्रत्येकीवर एक फेरी लिहून-वाचून काढली होती. त्यातही तोच आकडा लपलाय. बॅडब्लॉक्स ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांत ठेवतो आणि मुळात ब्लॉक धरतो १०२४ बाइटचा, म्हणजे ४ टेबीबाइटच्या पुढे तो सुरूच होत नाही. ८ टीबीसाठी ब्लॉक ४०९६ चा सांगितला की भागतं, १६ टीबीपर्यंत भागतं. या खोक्यात पुढे १८ टीबीची डिस्क घालायची वेळ आली तर ४०९६ सुद्धा अपुरा पडेल, तिथे ८१९२ द्यावा लागतो. बाकी पोर्ट, ॲरे आणि फाइल सिस्टिम यांना १८ टीबीत काही अडचण दिसत नाही, मधल्या भोकाचा प्रश्न सुटलेलाच आहे आणि कॅप्टॉन टेपचं रीळ बरंच शिल्लक आहे.